नीलाबाईंच्या हातांविषयी जाहीर निवेदन

लातूर, बुधवार, ७ जून १९९५

वीस महिन्यांनंतर रोजनिशी पुन्हा सुरू करीत आहे. प्रयोजन व्यावहारिक आहे. शेजारच्या खानावळीविरुद्ध नगरपालिकेकडे तक्रार करावयाची झाल्यास तारीखवार नोंदी हाताशी असाव्यात.

वस्तुस्थिती अशी. माझ्या घराची पूर्वेकडील भिंत आणि श्रीमती नीलाबाई बिराजदार यांची भिंत एकच आहे. नीलाबाई विधवा असून वय सुमारे एकोणपन्नास. त्या आणि त्यांच्या सासूबाई गौरम्मा मुलींची खानावळ चालवतात. बारावीच्या क्लासला बसण्यासाठी बिलोलीहून, जळकोटहून, अर्धापूरहून मुली या शहरात येऊन राहतात. प्रत्येकीला डॉक्टर व्हायचे असते. त्यांपैकी बावीस जणी भिंतीपलीकडे राहतात आणि जेवतात. भाकरी थापण्याचा आवाज पहाटे पाचला सुरू होतो. साडेसहाला मला याच मुलींना क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे असते.

भूकंपानंतर मी महाविद्यालयातून मुदतपूर्व निवृत्ती घेतली. चंद्रप्रभा त्या पहाटे औसा तालुक्यात, तिच्या भावाच्या गावी होती. तिच्या नावामागे कै. लावण्याची सवय अद्याप झालेली नाही.

स्वयंपाक मी स्वतः करतो. वरण, भात, एक भाजी. ती गेल्यापासून अन्य कोणाच्या हातचे खाल्लेले नाही. याला व्रत म्हणू नये. हा नियम आहे. चुलतभावाने पत्रातून दुसऱ्या विवाहाचा विषय काढला तेव्हा मी त्याचे पत्र त्यातील व्याकरणाच्या अकरा चुकांसह दुरुस्त करून परत पाठवले. त्यानंतर त्याचे पत्र नाही.

सोमवार, १२ जून

सायंकाळी नीलाबाई दाराच्या चौकटीला पाठ घासत उभ्या होत्या. मला पाहूनही थांबल्या नाहीत.

“काय बघता सर, खाज हाय. तुमच्या पुस्तकात हाय का अवषद?”

“पुस्तकात कारणे असतात,” मी म्हणालो.

“मग द्या थोडी. कारणंच चोळते पाठीला.”

त्यांच्या दोन्ही हातांची कातडी कोरडी पडून बोटांच्या पेरांवर भेगा गेल्या आहेत. दंडांवर नखांचे ओरखडे आहेत. चुलीपुढून उठल्या की चेहरा कानांपर्यंत लाल होतो आणि पदराने वारा घेत त्या अंगणात येऊन उभ्या राहतात. हे मी तक्रारीच्या दृष्टीने पाहिले नव्हते, तरी नोंदवतो.

चंद्रप्रभा लाकडी फणीने दंड खाजवीत असे. अंगावरून मुंग्या चालतात म्हणे, आणि पाहावे तर एकही मुंगी नाही. मी तिला खोबरेल लावण्यास व मन अन्यत्र गुंतवण्यास सांगितले होते. विषयांतर झाले.

रविवार, १८ जून

रविवारी पालक भेटीस येतात. अकराच्या सुमारास जळकोटच्या गुणाबाई माझ्या ओट्याशी आल्या. त्यांची मुलगी स्वप्नाली माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते; हुशार आहे, अक्षर वाईट आहे. मला वाटले अक्षराविषयी विचारतील.

“सर, तुम्ही कुठं जेवता?”

“मी स्वतः करून खातो.”

“भिंतीला भिंत लागून खानावळ हाय, तरी?”

“तरी.”

“एकदा बी न्हाई जेवला तिथं?”

“एकदाही नाही.”

गुणाबाईंनी खानावळीच्या दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. “कळलं,” म्हणाल्या. मला प्रश्नांचा रोख समजला नाही. उत्तरे मात्र अचूक होती.

मंगळवार, २० जून

सात मुलींनी खानावळ सोडली. स्वप्नाली त्यांत पहिली.

संध्याकाळी नीलाबाई स्वतः आल्या. आजवर त्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता. आजही ओलांडला नाही. दारात उभ्या राहून दोन्ही हात पुढे केले.

“नीट बघा सर. तुम्ही बेडकं कापता, झुरळं कापता. हे काय हाय?”

“मी वैद्य नाही.”

“बाया म्हणून राहिल्या, महारोग हाय. म्हणे, हिच्या हातच्या भाकरीतून पोरींला लागंल. मालक गेले तवा दीर म्हणला, उदगीरला चल, आमची भांडी घास. मी म्हणलं, घासायचीच तर माझी घासीन. नऊ वर्षं घासली. आता ह्या कातडीपायी त्याच्या दारात जाऊ?”

त्या रडत नव्हत्या. रागावल्या होत्या, आणि रागाच्या भरात मनगट खाजवीत होत्या. त्यांना डॉक्टरांचा कागद हवा होता. परंतु लातुरात नको. “इथं चामड्याच्या डॉक्टरच्या बाकावर बसले, की पोहे व्हायच्या आत गल्लीभर.”

नांदेडला माझी जुनी विद्यार्थिनी डॉ. इरा त्वचारोगतज्ज्ञ आहे, असे माझ्या तोंडून निघून गेले. गुरुवारी जाण्याचे ठरले. गौरम्माही येणार. दोन परस्त्रिया सोबत असल्याने मी त्यांच्यापुढील आसनावर बसणे उचित ठरेल.

गुरुवार, २२ जून

क्लासला रजा. सव्वासहाची एस.टी. गौरम्मा खिडकीशी बसल्या. वय पंचाहत्तर, ऐकू कमी येते, त्यामुळे जे बोलतात ते चालकालाही ऐकू जाते. अहमदपूरपर्यंत त्यांनी सुनेला तीन वेळा विचारले, “हा मास्तर तोंड का फिरवून बसलाय? उलटी होते का?”

इराने मला बाहेर बसवले. पाऊण तासाने आत बोलावले. नीलाबाई पदर सावरून बसल्या होत्या. त्यांचे डोळे मिटायला लावून कापूस आणि टाचणीने प्रत्येक डागावरची संवेदना तपासली होती, खवले काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. महारोग नाही. गजकर्ण नाही. काहीही सांसर्गिक नाही. पाळी थांबली, की अंगातील एक संप्रेरक घटते. कातडी पातळ आणि कोरडी होते, खाज सुटते, मुंग्या चालल्यासारखे होते, चेहऱ्यावर वाफा येतात. त्यात रोज बावीस ताटे सोड्याच्या पावडरीने घासली, की हातांना भेगा. उपाय साधे आहेत. कोमट पाणी, सौम्य साबण, अंग ओले असतानाच लावायचे मलम, भेगांसाठी वेगळे, आणि भांडी घासताना रबरी हातमोजे. भेगा भरेपर्यंत पीठ सासूबाईंनी मळायचे.

मग इरा म्हणाली, “सर, तुम्ही आम्हाला हे प्रकरण चार ओळींत शिकवलं होतंत. अंडाशयाचे कार्य थांबते, पुढचा धडा. कातडीचं काही सांगितलं नव्हतं.”

“अभ्यासक्रमात नव्हते,” मी म्हणालो.

परतीच्या गाडीत गौरम्मांनी मोठ्याने सांगून टाकले, “मला बी झालं होतं. दोन साल. माझ्या सासूनं सांगितलं, देवीचा कोप हाय, मीठ सोड. मीठ सोडलं. खाज न्हाई गेली, जेवणातली मजा गेली.” नीलाबाई हसल्या. गाडीतील आणखी दोन बायकाही हसल्या. मी बाहेरची लोहा गावाची पाटी वाचली.

शुक्रवार, २३ जून

आज वर्गात पचनसंस्था होती. मी मध्येच थांबलो आणि कुठवर आलो होतो ते मुलींना विचारावे लागले.

सप्टेंबर ९३ मध्ये चंद्रप्रभाने दोनदा विचारले होते, डॉक्टरांना दाखवू का. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. मी म्हणालो, या वयात असे होतेच. आज पाहतो, विधान शास्त्रशुद्ध होते.

पुढे लिहीत नाही.

रविवार, २५ जून

इराचे प्रमाणपत्र इंग्रजीत आहे. पालकांना ते कळणार नाही, म्हणून काल मी स्वहस्ते मराठी निवेदन तयार करून आज पहाटे खानावळीच्या दारावर चिकटवले. मजकूर येथे उतरवून ठेवतो:

“जाहीर निवेदन. सर्व पालकांस कळविण्यात येते की, या खानावळीच्या चालक श्रीमती नीलाबाई बिराजदार यांच्या हातांवरील लक्षणे कोणत्याही सांसर्गिक रोगाची नसून, गतवर्षी त्यांची रजोनिवृत्ती, म्हणजे मासिक पाळी कायमची बंद, झाल्याने त्वचा कोरडी व पातळ होऊन उद्भवली आहेत. सदर अवस्था नैसर्गिक आहे. तरी गैरसमज नसावा. रे. व्यं. देगलूरकर, एम.एस्सी.”

मला हे निवेदन निर्दोष वाटले होते. साडेआठला नीलाबाई ते हातात घेऊन आल्या. कडांना दाराचा रंग निघून आला होता.

“हे काय लावलंय, सर?”

“खुलासा. यात असत्य एकही शब्द नाही.”

“माझी पाळी कवा गेली, हे दूधवाल्यानं वाचलं. गिरणीवाल्यानं वाचलं, आणि न वाचता येणाऱ्या बायकोला वाचून दाखवलं. बारा पोरी शाळेतल्यागत उभ्या राहून वाचून राहिल्या होत्या.”

“सत्य सांगण्यात लाज—”

“मला लाज न्हाई. पण सांगायचं ते मी सांगीन. अंग माझं हाय. तुमचं दुःख बी खरंच हाय न्हव? लावू का कागद तुमच्या दाराला, की हे सर बायको जाऊन दीड वर्ष वर झालं तरी रोज दोन ताटं मांडतेत म्हणून? भिंत एकच हाय. दुसऱ्या ताटाचा आवाज येतो मला. कुणाला बोलले का मी?”

दुसरे ताट मी मांडतो. ही बाब या वहीत नोंदवलेली नव्हती.

बुधवार, २८ जून

निवेदनानंतर आणखी चार मुली गेल्या. उरल्या अकरा. उदगीरहून नीलाबाईंचे दीर येऊन गेले. “गाशा गुंडाळा, रविवारपतुर वाट बघतो” हे त्यांचे वाक्य भिंतीतून स्पष्ट ऐकू आले. नीलाबाईंनी काय उत्तर दिले ते ऐकू आले नाही, परंतु एक पातेले आपटले.

दुपारी गौरम्मा काठी टेकत आल्या आणि न विचारता माझ्या खुर्चीत बसल्या.

“ओ मास्तर, तू शिकलेला हाईस न्हव?”

“होय.”

“मग तुला दिसत न्हाई? शेजारी ऱ्हातोस, एक घास शिवत न्हाईस. बाया काय म्हणतेत ठाव हाय? म्हणतेत, हा माणूस यंत्रातून किडे बघतो. त्याला ठाऊक असंल तिच्या हातात काय हाय, म्हणून स्वतः रांधून खातो. तुझ्या तोंडूनच ऐकलंय म्हणतेत, एकदा बी जेवलो न्हाई.”

मी त्यांना माझा नियम सांगितला. मोठ्याने सांगावा लागला. चंद्रप्रभाचे नाव इतक्या मोठ्या आवाजात मी या घरात कधी उच्चारले नव्हते.

गौरम्मांनी काठी खाली ठेवली. “तुझी बायको चांगली होती,” म्हणाल्या. “सणाला पुरणाची पोळी द्यायची परसातल्या भिंतीवरून. आमची घ्यायची बी. तू बाहेर गेलास की घ्यायची.” मग काठी उचलून निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, “कागद कोण वाचतंय. माणूस खातो का न्हाई, ते बघतेत.”

चंद्रप्रभा घेत असे, हे मला माहीत नव्हते.

रविवार, २ जुलै

आज ठीक अकरा वाजता, सहा-सात पालक अंगणात जमलेले असताना, मी पाय धुऊन, धुतलेला सदरा घालून खानावळीत गेलो. ती वेळ मी मुद्दाम निवडली होती. दीर बाजेवर बसून होते. गुणाबाई फाटकाशी, स्वप्नालीची गादी न्यायला आलेल्या.

नीलाबाईंनी चूल ओसरीवर मांडली होती, रस्त्यावरून दिसेल अशी. दहा दिवसांत भेगा भरल्या आहेत. परातीत मळलेले पीठ होते. मी हातमोज्यांचे सहा जोड आणून दिले होते, त्यांपैकी एक दोरीवर भांड्यांजवळ वाळत होता. भाकरी मात्र त्या उघड्या हाताने थापत होत्या.

बिलोलीच्या एका मुलीच्या आई, लक्ष्मम्मा, म्हणाल्या, “मोजे हायेत की बाई, भाकरीला बी घालावं.”

“भांड्याला घालते. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. भाकरीला कशाला? झाकले, की तुम्ही म्हणाल, झाकण्यासारखं हाय.” नीलाबाई उठल्या, हात धुतले आणि एकेकीच्या पुढे जाऊन तळवे उलटेपालटे केले. “दाबून बघा. सरांचा कागद तुम्ही वाचलाच हाय, आता माझ्या तोंडून ऐका. पाळी गेली माझी दिवाळीच्या आधी. तवापासून अंग खाजतं. चुलीपुढं बसलं की तोंडाची भट्टी होते. कुणाला सांगितलं न्हाई, कारण सांगायचं कुणाला? तुमची न्हाई जाणार? का तुम्ही जळकोट-बिलोलीच्या, म्हणून सूट हाय?”

एक बाई खुदकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

“डॉक्टरचा कागद आत हाय, मागा, दाखवते. पटलं तर पोरगी ठेवा. न पटलं तर गादी न्या, मी उचलू लागते. पण महारोग हा शब्द माझ्या दारात परत काढायचा न्हाई. आणि भाऊजी, तुम्ही बी ऐका. अकरा पोरी हायेत. अकरा असल्या तरी चूल माझीच हाय.”

दीर काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात सर्वांचे लक्ष माझ्याकडे गेले. मी दारात उभा होतो आणि काय बोलावे याची तयारी केली नव्हती.

“जेवायला आलो आहे,” मी म्हणालो.

नीलाबाईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. “पाय धुतले का?”

“धुतले.”

“मग बसा की. पोरींच्या ओळीत नको, त्या घाबरतेत. तिकडं, भिंतीशी.”

मी बसलो. भिंत तीच, बाजू दुसरी. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. पहिला घास मी बराच वेळ चावला. नंतर मी सांगितले की भाजीत मीठ किंचित जास्त आहे.

“ऐका ग पोरींनो,” नीलाबाई म्हणाल्या, “वीस महिने नुसतं वरण खाल्लेला माणूस मीठ सांगून राहिला.”

मुली हसल्या, गौरम्मांना काय झाले ते ओरडून सांगावे लागले, मग त्याही हसल्या. माझा आहार पूर्वी दीड भाकरीचा होता. आज तीन झाल्या. गुणाबाई मी हात धुवेपर्यंत फाटकाशी उभ्या होत्या. नंतर गादी घेऊन गेल्या.

संध्याकाळी घरी एकच ताट मांडले. जेवलो नाही, परंतु मांडले एकच.

शुक्रवार, ७ जुलै

चार मुली परत आल्या. दीर सोमवारीच उदगीरला गेले. वर्गात आज रजोनिवृत्तीचे प्रकरण आले. चार ओळींऐवजी चाळीस मिनिटे घेतली: त्वचा, झोप, हाडे, मनःस्थिती. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, हे परीक्षेला येतं का?” मी म्हणालो, “तुमच्या घरी येते.” तिने लिहून घेतले.

क्लासच्या संचालकांनी बोलावून अभ्यासक्रमाबाहेर न जाण्यास सांगितले. मी त्यांना लेखी आदेश देण्याची विनंती केली. त्यांनी दिला नाही.

रविवार, १६ जुलै

मुली अठरा. बहुतेक एवढ्यावर स्थिरावेल.

दुपारी स्वप्नालीचे वडील हणमंतराव एकटे आले. त्यांचे जळकोटला किराणा दुकान आहे. प्रथम मुलीच्या गुणांविषयी बोलले, मग पावसाविषयी, मग पुन्हा गुणांविषयी. चहा घेतला. अखेर म्हणाले, “पोरगी हट्ट धरून बसलीय, नीलाबाईकडंच जेवायचं. आईला म्हणते, तूच नांदेडला जा, तुझं बी तेच हाय.”

“गुणाबाईंना त्रास आहे?”

“वरीस झालं. दंड ओरबाडून काढलेत. पोरीनं इथून चिठ्ठी लिहिली, तवा मला कळलं. म्हणजे दिसत होतं.” ते हसले. “बायकांच्या अंगाला खाज सुटते ह्या वयात, सर. त्यात काय नांदेड. दुकान सोडून कुठं जाता येतंय. तुम्ही जरा पोरीला समजावून सांगा.”

मी त्यांना म्हणालो, “हणमंतराव, मीही पत्नीला हेच सांगितले होते. याच शब्दांत. मला वेळ नव्हता. दोनदा विचारून ती तिसऱ्यांदा विचारायला आली नाही. तिच्या भावाच्या गावी वैद्य होते, त्यांना दाखवायला एकटीच गेली.”

“मग? गुण आला?”

“एकोणतीस सप्टेंबरच्या दुपारच्या गाडीने गेली. औसा तालुक्यात. वैद्य दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणार होते.”

लातूर जिल्ह्यात ही तारीख कोणाला समजावून सांगावी लागत नाही. हणमंतरावांनी कपबशी खाली ठेवली. भिंतीपलीकडे भाकऱ्या चालू होत्या. ही गोष्ट मी आजवर कोणास सांगितली नव्हती, चुलतभावास नाही, या वहीसही नाही. सांगून झाल्यावर माझा आवाज नेहमीसारखाच होता.

मग त्यांनी विचारले, “त्या डॉक्टरीणबाई सोमवारी असतेत का?”

“दहापासून,” मी म्हणालो, आणि कागदावर पत्ता लिहून दिला.

“उद्या दुकान बंद ठेवतो,” हणमंतराव म्हणाले. चिठ्ठी खिशात ठेवून ते उठले आणि जळकोटला संध्याकाळच्या आत पोहोचणारी गाडी आहे का, विचारू लागले.